दालन आणि रस्ता

"आज मोर्चा आहे, जरा लवकर निघ." मुंबई, पुणे, नागपूरच्या घराघरांत हे वाक्य सकाळी कानावर येतं. मोर्चा कुणाचा आहे, कशासाठी आहे, हे त्यात नसतं. असते ती वाटेची काळजी. ती खोटी नाही. कुणाला दवाखाना गाठायचा असतो, कुणाच्या मुलाचा पेपर असतो, कुणाला एका दिवसाचा खाडाही परवडणारा नसतो. पण या वाक्याला जोडून आणखी काही वाक्यं येतात. "यांना कामधंदे नाहीत." "पोलिसांनी चार दंडुके दिले की सरळ होतील." "आणि पुढारी काय, सगळे सारखेच." हातातला चहा संपायच्या आत मोर्चेकरी, पोलीस आणि पुढारी या तिघांचाही निकाल लागलेला असतो.

या बोलण्यात पैशाचं नाव फारसं निघत नाही. म्हणून आज तिथूनच विचार करू.

ज्यांच्याकडे भरपूर पैसा आहे, त्यांचीही सरकारदरबारी कामं असतात. आपल्यापेक्षा जास्तच असतात. जमीन बिगरशेती करून हवी असते, करात सवलत हवी असते, एखादा नियम बदलून हवा असतो. तरी ही माणसं फलक घेऊन उन्हात बसलेली आपण कधी पाहिली नाहीत. त्यांना त्याची गरज पडत नाही. त्यांना मंत्र्यांच्या दालनात वेळ मिळते. बसायला खुर्ची मिळते आणि संबंधित अधिकारी फाइल घेऊन तिथेच हजर होतो. त्यांच्या मागणीमुळे कुठला रस्ता अडत नाही, म्हणून ती मागणी आपल्याला टोचत नाही. खरं तर ती आपल्याला दिसतच नाही. दिसते ती दालनात वेळ न मिळालेल्यांची मागणी. अर्ज करून झाले, तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत खेटे घालून झाले, लोकप्रतिनिधीच्या घरी जाऊन झालं, आणि कुठेच दाद लागली नाही, की माणसं भाकरी बांधून घेतात आणि शहराकडे निघतात. आपल्याला दिसतो तो मोर्चा. त्याच्या आधीची वर्षं दिसत नाहीत.

नागपुरात झिरो माइलजवळ गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू असताना गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाकडे निघाला होता. विदर्भातल्या गावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोकांची गुरं राखणारा हा समाज. आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, ही त्यांची मागणी होती. यादीतली नोंद 'गोंड गोवारी' अशी, आणि आपण त्याच नोंदीतले, असं त्यांचं म्हणणं. पोलिसांनी मोर्चा अडवला. बाया होत्या, कडेवर लेकरं होती, म्हातारी माणसं होती. निवेदन घ्यायला सरकारच्या वतीनं कुणी यावं, एवढ्यासाठी माणसं दिवसभर थांबून राहिली. संध्याकाळी लाठीमार झाला, पळापळ झाली, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली. त्यांत बहुतेक बाया आणि मुलं होती.

त्यानंतर आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. चौकशी आयोग नेमला गेला. पुढे या समाजाला विशेष मागास प्रवर्गात जागा मिळाली. मूळ मागणीचा वाद न्यायालयात चालू राहिला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, आणि २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावोगावची माणसं स्मारकापाशी येतात आणि फुलं वाहतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. न्यायालयानं अखेर त्यांची मागणी मान्य केली नाही. म्हणून १९९४ साली त्यांना ताटकळत ठेवणं बरोबर ठरतं का? मुळीच नाही. मागणी मान्य होणं आणि माणसाचं ऐकून घेतलं जाणं, हे दोन वेगळे हक्क आहेत. पहिला वादाचा असू शकतो. त्याला पुरावे लागतात, कायदा पाहावा लागतो, इतरांच्या हिताचा विचार करावा लागतो. दुसरा वादाचा नाही. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानं नागरिकांना शांततेनं, शस्त्रांशिवाय एकत्र जमायचा हक्क दिला आहे. तो देताना आधी मागणी बरोबर असल्याचं सिद्ध करा, अशी अट घातलेली नाही. रोजच्या बोलण्यात आपली गल्लत होते ती नेमकी इथे. मागणी पटली नाही की मोर्चाही चुकीचा, मोर्चा चुकीचा की लाठीही योग्य, अशी घसरण आपण एका दमात करून टाकतो.

आता लाठीबद्दल. बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई हा बहुतेक वेळा मोर्चातल्या माणसांसारख्याच घरातून आलेला असतो. गावाकडे त्याचीही दोन एकर कोरडवाहू जमीन असते, त्याच्याही घरी कर्जाची नोटीस आलेली असते. बारा-बारा तास उभं राहायचं, जेवणाची वेळ नाही, घरी कधी पोचणार याचा पत्ता नाही. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्याची बातमी झाली. आठ तासांचं काम ही बातमी व्हावी, यातच या नोकरीचं दुःख कळतं. निवेदन घ्यायला कुणी खाली उतरायचं की नाही, हे तो शिपाई ठरवत नाही. ते ठरवणाऱ्यांनी ठरवलं नाही, की त्या दिरंगाईचा सगळा भार कठड्यापाशी उभ्या असलेल्या दोन रांगांवर येऊन पडतो. अलीकडे दमलेली माणसं, पलीकडेही दमलेली माणसं.

म्हणून पोलिसांविषयी बोलताना "त्यांनी हाणावं" किंवा "ते असलेच" एवढ्यावर थांबून चालणार नाही. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना पोलीस सुधारणांचे आदेश दिले. अधिकाऱ्यांना ठरावीक कार्यकाळ मिळावा, बदल्या कुणाच्या मर्जीवर होऊ नयेत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण असावं, तपास आणि बंदोबस्त ही कामं वेगळी असावीत, असा त्यांचा गाभा. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. पण आपल्या गप्पांमध्ये हा विषय कितीदा येतो? लाठी कुणाच्या सांगण्यावरून उगारली जाते, आणि ती अकारण उगारली गेली तर दाद कुठे मागायची, हे प्रश्न विचारणं म्हणजे पोलिसांशी वैर नाही. पोलिसाला कुणाच्या तरी हातातलं दांडकं होण्यापासून वाचवायचं असेल, तर हेच प्रश्न विचारावे लागतात.

रस्त्यावर आलेल्यांचंही कर्तव्य असतं, आणि ते पार पाडलेलं महाराष्ट्रानं पाहिलं आहे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे निघाला. सुमारे १८० किलोमीटरची वाट. त्यांतले कितीतरी जण आदिवासी शेतकरी. वनहक्क कायदा २००६ साली झाला, पण कसत असलेली जमीन अजून नावावर झालेली नाही, हे त्यांचं दुखणं. ११ मार्चला ते मुंबईत पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी हजारो माणसं रस्त्यावर उतरली तर पोरं परीक्षेला पोचणार नाहीत, म्हणून ही माणसं विश्रांती सोडून रात्रीच पुढे चालत निघाली आणि पहाट व्हायच्या आत आझाद मैदानात जाऊन बसली. कितीजणांच्या पायांत धड चप्पल नव्हती, तळव्यांची कातडी सोलली होती. मुंबईकरांनी पाणी दिलं, खायला दिलं, चपला दिल्या. सरकारनं शिष्टमंडळाशी चर्चा केली आणि लेखी आश्वासन दिलं.

त्या रात्री एरवी मोर्चाला नावं ठेवणाऱ्या कितीतरी घरांची मतं बदलली. मागण्या बदलल्या नव्हत्या. वनहक्काचा कायदाही कुणी रातोरात वाचला नव्हता. बदललं होतं ते एवढंच, की मोर्चातली माणसं दिसली. त्यांनी आपल्या मुलांचा विचार केला, हे कळलं. म्हणजे आपलं मन तेवढं कठीण नाही. ते फक्त ओळख होण्याआधीच निकाल देऊन बसतं.

पण गोष्ट तिथे संपली नाही. मार्च २०२३ मध्ये शेतकरी पुन्हा नाशिक जिल्ह्यातून मुंबईकडे चालू लागले. ठाणे जिल्ह्यात वाशिंदजवळ ते थांबले, सरकारशी बोलणी झाली आणि माघारी फिरले. वनहक्काची मागणी याही वेळी होतीच. मधल्या पाच वर्षांत लोकसभेची निवडणूक झाली होती, विधानसभेची झाली होती, राज्यात सरकारं बदलली होती. २०१८ मध्ये पाणी घेऊन धावलेल्या आपल्यापैकी किती जणांनी मत मागायला आलेल्या उमेदवाराला विचारलं, की त्या लेखी आश्वासनाचं काय झालं?

आपण निवडणुकीकडे यायला हवं ते या वाटेनं. "सगळे सारखेच" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा खरोखर दुखावलेला असतो. त्याच्या वाक्यामागे पुष्कळ फसवणूक साचलेली असते. पण या वाक्याचा फायदा होतो तो ज्याला प्रश्न नको असतात त्याला. सगळे सारखेच असतील तर कुणाला काही विचारायचं कारण उरत नाही. आणि विचारायला आज साधनं नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालामुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले शपथपत्रात लिहून द्यावे लागतात. ते कुणालाही वाचता येतं. विधानसभेच्या सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराची अनामत १०,००० रुपये आहे, तर खर्चाची मर्यादा २०२२ पासून आपल्या राज्यात ४० लाख रुपये. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं की कळतं, गुरं राखणाऱ्याला अर्ज भरणं एक वेळ जमेल, पण शर्यतीत टिकणं किती अवघड आहे. दालनात वेळ कुणाला मिळते आणि रस्त्यावर कुणाला यावं लागतं, याचा उगम पुष्कळसा इथे आहे.

मग मत देऊन काय होतं? मताचा एक दिवस आणि मोर्चाचे अनेक दिवस, हे एकमेकांशिवाय अपुरे आहेत. नुसतं मत दिलं आणि पाच वर्षं गप्प बसलो, तर निवडून गेलेला मोकळा सुटतो. नुसता मोर्चा काढला आणि मताच्या दिवशी जात, पैसा किंवा कंटाळा यांवर सोडून दिलं, तर मोर्चातलं आश्वासन कागदावरच वाळतं. रस्त्यावर मागितलेली गोष्ट मतपेटीपर्यंत जाते, तेव्हाच दालनाचं दार उघडायची शक्यता निर्माण होते.

यासाठी फार मोठं काही करायला नको. पुढच्या वेळी मोर्चा आडवा आला, तर वाटेत मिळालेलं पत्रक टाकून न देता वाचावं. कुठल्या तालुक्यातली माणसं आहेत, काय मागतात, आधी कुणाकडे गेली होती, हे मोर्चातल्या एखाद्या मावशींना विचारावं. बंदोबस्तावरच्या शिपायाला पाण्याची बाटली द्यावी. मागणी पटली नाही तर तसं मोकळेपणानं म्हणावं, तो आपलाही हक्क आहे. फक्त तसं म्हणताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: उद्या आपल्या सोसायटीचं पाणी तोडलं, आपल्या मुलाची भरती रखडली, आपल्या आईचं निवृत्तिवेतन अडलं, आणि आपण रस्त्यावर उतरलो, तर आज जे बोललो ते आपल्याबद्दल कुणी बोललेलं चालेल का? चालणार असेल, तर ते मत खुशाल बाळगावं. चालणार नसेल, तर ते आजच बदलावं, आणि मत मागायला उमेदवार दारात येईल तेव्हा त्या पत्रकातली मागणी आपण होऊन त्याच्यापुढे मांडावी.