रिकामी वाटी


धर्माबादला मिरचीचा हंगाम आला की पहाटेची हवाही तिखट होते. तेलंगणाच्या सीमेवरचं हे बाजाराचं गाव. शिक्षक म्हणून मी इथं आलो, संसार मांडला. शेजारीण तेलुगू बोलायची, आमची आई मराठी. शब्द अडायचे. वाटी कधी अडली नाही. इकडून वरण जायचं, तिकडून पुलिहोरा यायचा.

आई म्हणायची, वाटी रिकामी परत द्यायची नाही. घरात काही नसलं, तर चिमूटभर साखर घालायची.

वर्गात मी भाषा शिकवली. माणुसकी मला त्या वाटीनं शिकवली.

मंडळी, आपल्याला कुणी वेळ देतं, कुणी धीर देतं. आज एवढंच लक्षात ठेवूया. वाटी रिकामी परत द्यायची नाही.