दान घेऊन निघालेले सोबती

शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये २०:१-६, रोमकरांस पत्र १५:२५-३१, करिंथकरांस दुसरे पत्र ८:१६-२१



दहा-बारा मित्र एकत्र येतात, एखाद्या अनाथाश्रमासाठी वा कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी जमवण्याचे ठरवतात, मोटारसायकली काढतात आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, दिल्ली असा देशाला वळसा घालून महिन्याभराने घरी परततात, हे दृश्य आता आपणास नवे राहिलेले नाही. अशा स्वाऱ्यांत आपल्या मंडळ्यांतील तरुणही असतात. निघण्यापूर्वी ते पाळकांकडून प्रार्थना करवून घेतात, आणि नेमके त्याच वेळी एखादे वडीलधारे गृहस्थ मागच्या बाकावरून विचारतात, "अरे, एवढे पेट्रोल जाळण्यापेक्षा तेवढे पैसेच पाठवून द्या ना!" तरुण मंडळी हसून वेळ मारून नेतात. हसू नये, असे मला वाटते. प्रश्न रास्त आहे. इतकेच नव्हे, तर तो पवित्र शास्त्रात डोके घालून सोडवावा अशा योग्यतेचा आहे.

कारण नव्या करारात नेमकी अशीच एक यात्रा आहे. यरुशलेमातील पवित्र जनांपैकी जे गरीब होते त्यांच्यासाठी मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनी वर्गणी गोळा केली होती. ती घेऊन जाण्यासाठी पौलाबरोबर जे सोबती निघाले, त्यांची नावे लूकाने गावांसकट नोंदवली आहेत : बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख व सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आणि आशियातील तुखिक व त्रफिम. पुढे स्वतः लूकही त्यांना मिळाला. ह्या यादीजवळ लूक निधीविषयी काही बोलत नाही, आणि म्हणून आपण ती रविवारच्या वाचनात भरभर उरकतो. परंतु पौलाची पत्रे शेजारी उघडी ठेवून ही यादी वाचली म्हणजे ध्यानात येते की, हे हौशी प्रवासी नव्हते. जागोजागच्या मंडळ्यांचे दान त्यांच्या हाती होते.

प्रवास सरळ झाला नाही. पौल जलमार्गाने सूरियाकडे जाणार होता. घाताचा कट उघडकीस आला म्हणून त्याला मासेदोनियावरून मागे फिरून जावे लागले. त्रोवसाहून सोबती गलबताने पुढे गेले आणि पौल अस्सापर्यंत एकटाच पायी गेला. का, ते लूक सांगत नाही. लांबच्या प्रवासात जिवलग मित्रांपासूनही थोडा वेळ वेगळे चालावेसे वाटते, हे ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

आता मागच्या बाकावरील प्रश्न पौलालाच विचारू या. पैसे पाठवता आले नसते काय? आले असते. करिंथकरांस पहिल्या पत्रात तो स्वतःच म्हणतो की, तुम्ही ज्यांना पसंत कराल त्यांना पत्रे देऊन मी दान यरुशलेमास पाठवीन. माझेही जाणे योग्य ठरले तरच ते माझ्याबरोबर येतील. म्हणजे न जाण्याची वाट मोकळी होती. तो स्पेनला जाण्याची तयारी मनात करत होता, रोम त्याला खुणावत होते, आणि यरुशलेम तर उलट दिशेला! तेथे बंधने व संकटे वाट पाहत आहेत हे त्याला नगरोनगरी कळत होते. वाटेत सोर येथील शिष्यांनी त्याला जाऊ नको म्हटले, कैसरियात सोबत्यांनी रडून विनवले. तरी तो गेला.

तो गेला ह्याचे कारण असे की, केवळ पैशाने जे होणार नव्हते ते त्याला हवे होते. यरुशलेमातील यहूदी विश्वासणारे आणि दूरदेशीचे परराष्ट्रीय विश्वासणारे ह्यांनी एकमेकांची तोंडे पाहिली नव्हती. एकमेकांविषयी त्यांना ठाऊक होते ते ऐकीव, आणि ऐकीव गोष्टींत संशयच अधिक. नाण्यांची थैली मासेदोनियाहून आली, एवढ्याने मासेदोनियाचा माणूस आपला भाऊ ठरत नाही. सोपत्र, अरिस्तार्ख, त्रफिम ही माणसे दारात उभी राहिली पाहिजेत, त्यांनी त्याच पंगतीला बसून भाकर मोडली पाहिजे. थैलीला सोबत म्हणून माणसे निघाली नव्हती. माणसांना जाण्याचे निमित्त म्हणून थैली होती, असेही म्हणता येईल.

तेव्हा मोटारसायकलवरील आपल्या मित्रांना मी हेच विचारीन : तुम्ही वाटेत कोणाकडे उतरणार आहात? आठ-दहा राज्ये ताशी ऐंशीच्या वेगाने मागे टाकली, ठिकठिकाणी फलकासमोर छायाचित्रे काढली, शेवटी मोठ्या आकाराचा धनादेश हाती धरून आणखी एक छायाचित्र काढले, तर त्या वडीलधाऱ्या गृहस्थांचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. धनादेश टपालानेही गेला असता.

आणि पेट्रोल कोणाच्या पैशाचे? ह्याच प्रवासात मिलेताला पौलाने इफिसच्या वडिलांना आपले हात दाखवले. त्या हातांनी त्याने स्वतःची आणि सोबत्यांचीही गरज भागवली होती. दानातील एक नाणेही वाटखर्चाला लागले असे कोणी म्हणू नये, ही त्याची धडपड होती. हिशेबाच्या बाबतीत तर तो आजच्या पुष्कळ संस्थांपेक्षा काटेकोर होता. तीताबरोबर त्याने जो बंधू पाठवला, तो मंडळ्यांनी निवडलेला होता, पौलाच्या मर्जीतला नव्हे. एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणाला बोट ठेवण्यास जागा राहू नये, आणि प्रभूसमोर तसेच माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. मित्रांची सोबत तेथे मजेसाठी नव्हती; एकमेकांवर प्रेमाने ठेवलेली ती नजर होती. निधीयात्रा आखणाऱ्यांनी आपल्यातील सर्वांत बोलका मित्र नव्हे, तर सर्वांत टोचून प्रश्न विचारणारा मित्र खजिनदार नेमावा.

आपल्या महाराष्ट्रीय मंडळीला ह्या बाबतीत दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील व बहीण गमावली, भावाबरोबर पायी देश तुडवला आणि १८७८ साली त्या कलकत्त्यास पोचल्या. तेथील विद्वानांनी ह्या वीस वर्षांच्या उपाशी मुलीला 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याचे ऐकल्यावर त्यांना पुण्यात बसून वर्गणी पाठवता आली असती, आणि लोकांनी त्यांना धन्यवादही दिले असते. त्या स्वतः गेल्या. मदतकेंद्रांवर बेवारस मुलींचे काय होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि परत येताना मुलींनाच घेऊन आल्या. आधी थोड्या, मग शेकड्यांनी. केडगावचे मुक्तिसदन ह्या जाण्यातून वाढले. मनिऑर्डरीला डोळे नसतात.

येथवर आपण जाणाऱ्याविषयी बोललो. परंतु पौलाच्या मनात आणखी एक काळजी होती, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. रोमकरांस लिहिताना तो त्यांना दोन गोष्टींसाठी प्रार्थना करण्याची कळकळीची विनंती करतो. एक, यहूदीयातील विरोधकांपासून आपली सुटका व्हावी. दुसरी, आपण नेत असलेली सेवा यरुशलेमातील पवित्र जनांना मान्य व्हावी. किती चमत्कारिक प्रार्थना! गरिबांसाठी पैसे नेणारा मनुष्य ते स्वीकारले जावेत म्हणून प्रार्थना मागतो. कारण त्याला ठाऊक होते की प्रवास लांबवर करणे प्रवाशाच्या हाती असते, पोचल्यावर दार उघडणे मात्र आत असलेल्याच्या हाती.

देशाला वळसा घालणारे दुचाकीस्वार कोलकात्यास पोचले म्हणजे हावडा पुलाचे छायाचित्र घेतात आणि पुढे निघतात. त्यांनी थोडे दक्षिणेस वळून हुगळीच्या काठी बजबजला जावे, असे मी सुचवीन. पाहण्यासारखे तेथे फार नाही. तागाच्या गिरण्या, इंधनाच्या प्रचंड टाक्या, रेल्वेफाट्याचे शेवटचे स्थानक. पण ह्या स्थानकाच्या नावातच आज एका जहाजाचे नाव आहे : कोमागाता मारू.

१९१४ साली हे जपानी जहाज भाड्याने घेऊन गुरदितसिंग ह्यांनी ३७६ हिंदी प्रवासी कॅनडास नेले. त्यांत ३४० शीख, २४ मुसलमान व १२ हिंदू होते. ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन साम्राज्यात कोठेही राहू शकतात, ह्या समजुतीवर ते निघाले होते. व्हँकुव्हरच्या बंदरात जहाज दोन महिने नांगरून पडले. अन्नपाण्याचे हाल झाले. जहाजाच्या भाड्याचे हप्ते थकल्यावर किनाऱ्यावरील हिंदी लोकांनी समिती नेमली आणि लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या मजुरांनी आपल्या कमाईतून हजारो डॉलर गोळा करून दिले. वाचकहो, हेही दानच होते, आणि विधवेच्या दोन टोल्यांच्या जातीचे होते. त्या दानाने जहाज काही काळ बंदरात राहिले. किनारा मात्र उघडला नाही. वीस-पंचवीस जणांना तेवढे उतरू दिले, आणि २३ जुलैला जहाज परत लावले.

२९ सप्टेंबर १९१४ रोजी ते बजबजला आले. परक्या देशाने नाकारलेली माणसे स्वदेशाच्या धक्क्यावर उतरली, तर सरकार त्यांना खास गाडीत घालून पंजाबात धाडण्यास सज्ज होते. त्यांना कलकत्त्यास जायचे होते. ते ग्रंथसाहेब घेऊन पायी निघाले. त्यांना मागे फिरवण्यात आले, आणि स्थानकाजवळ गोळीबार झाला. सुमारे वीस प्रवासी ठार झाले. इतक्या दूर जाऊन आलेल्यांना घराच्या उंबरठ्यावर मरण आले.

त्याच धक्क्यावर सतरा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी १८९७ मध्ये, पश्चिमेकडून परतलेले स्वामी विवेकानंद उतरले होते. त्यांच्यासाठीही येथून खास गाडी सोडण्यात आली होती, सियालदहकडे, जेथे लोकांचा समुदाय स्वागतासाठी लोटला होता. धक्का एक, खास गाडी दोन्ही वेळा. मिरवणुकीची कोणाला आणि पहाऱ्याची कोणाला, हे ठरवणारे प्रवासी नव्हते.

आपण ह्या गोष्टीत नेहमी स्वतःला जहाजावर पाहतो. मंडळीने स्वतःला धक्क्यावर उभे करून पाहावे. २०२० सालच्या टाळेबंदीत शहरांतून पायी, सायकलींवर, मिळेल त्या वाहनाने आपल्या गावी पोचलेल्या मजुरांना कित्येक गावांनी वेशीवर अडवले. रोगाची भीती होती, हे खरे. पण ती माणसे त्याच गावांची होती, आणि शहरातून त्यांनी पाठवलेले पैसे त्याच गावांनी वर्षानुवर्षे घेतले होते. पैसा चालला, माणूस चालला नाही. ज्या गावांत आपली मंदिरे आहेत तेथे आपण त्या दिवसांत कोणत्या बाजूला होतो, ह्याचे उत्तर प्रत्येक मंडळीने आपापले द्यावे.

कधीकधी बंद झालेला किनारा उघडतोही, पण फार उशिरा. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत कोमागाता मारूच्या प्रवाशांविषयी क्षमा मागितली. त्यानंतर तीन वर्षांनी, २०१९ साली, त्याच व्हँकुव्हरशेजारच्या सरे शहरातून सहा शीख मित्र मोटारसायकलींवर निघाले आणि अनेक देश ओलांडून पंजाबात आले. गुरू नानकांचे ते ५५०वे जयंतीवर्ष होते, आणि वाटेने ते 'खालसा एड' ह्या सेवासंस्थेसाठी निधी जमवत होते. ज्या किनाऱ्याने त्यांच्या लोकांना उतरू दिले नव्हते, त्याच किनाऱ्याचे नागरिक म्हणून ते आले. आणि हाती दान होते. ते ख्रिस्ती नव्हेत, म्हणून त्यांच्याकडे पाहण्यास आपण संकोचू नये. प्रभूने शेजारी कोण हे सांगताना शोमरोनी मनुष्य पुढे केला होता.

आता पुन्हा यरुशलेमाकडे. पौल व त्याचे सोबती पोचले तेव्हा बंधूंनी त्यांचे आनंदाने स्वागत केले, असे लूक लिहितो. दुसऱ्या दिवशी याकोबाच्या घरी वडीलवर्ग जमला. त्यांनी देवाचे गौरव केले, आणि त्याच बैठकीत पौलाला हेही सांगितले की, तुझ्याविषयी येथे हजारोंच्या मनात संशय आहे. निधी स्वीकारला की नाही, त्यावर कोण काय म्हणाले, ह्याविषयी लूक एक शब्दही लिहीत नाही. पुढे फेलिक्सासमोर बोलताना पौल एवढेच सांगतो की, मी माझ्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो. तोवर तो बेड्यांत होता. आणि बेड्या कशामुळे पडल्या? इफिसकर त्रफिम पौलाबरोबर नगरात फिरताना काहींनी पाहिला, आणि त्याला मंदिरात नेले असावे असे त्यांनी गृहीत धरले. दान घेऊन आलेल्या सात जणांपैकीच तो एक. पैशाविषयी दंगा झाल्याचे लूक सांगत नाही. दंगा झाला तो त्या परक्या माणसाच्या चेहऱ्यावरून.

ह्यानंतर त्या सोबत्यांचे काय झाले असेल? काम संपले होते. रक्कम पोचती झाली असेल वा नसेल, आपापल्या गावी परतण्यास कोणाची आडकाठी नव्हती. पण प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय उघडा. कैद्यांना घेऊन एक गलबत इटलीकडे निघाले आहे. दोन वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. गलबतावर पौल आहे, लूक आहे, आणि लूकाने आणखी एकच नाव गावासकट लिहिले आहे : मासेदोनियातील थेस्सलनीकाचा अरिस्तार्ख.