हृदयाची झडप आणि अहिंसाविचार

हृदयाची झडप, जिला रुग्णालयात व्हॉल्व्ह म्हणतात, निकामी झाली असता तिच्या जागी डुकराच्या हृदयातील झडप किंवा गोवंशाच्या हृदयावरणापासून घडविलेली झडप बसविण्यात येते. अहिंसाव्रत पाळणाऱ्या उपदेशी वासनिकाने ती स्वीकारावी काय? या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे दिली जातात. जीव निघून गेल्यावर देह हा निव्वळ प्रपंच, त्यात दोष कोठून येणार, हे एक. जनावर मांसासाठीच मारलेले होते, हृदयावरणाची पिशवी फेकलीच जाणार होती, हे दुसरे. पहिले उत्तर प्रश्नाला बगल देते; कारण प्रश्न विटाळाचा नाही, जीव कसा निघून गेला याचा आहे. दुसऱ्या उत्तराचा विचार करण्यापूर्वी त्या पिशवीचे पुढे काय होते हे पाहिले पाहिजे.

कत्तलखान्यातून आणलेली ही पातळ पिशवी स्वच्छ करून ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात ठेवतात. फ्रेंच शल्यविशारद आलँ कार्पांतिए यांनी १९६० नंतरच्या दशकात हा उपाय पुढे आणला. त्याने कोलॅजेनचे तंतू परस्परांशी जखडले जातात, ऊतक कुजत नाही आणि रुग्णाचे शरीर त्याला सहजी झिडकारीत नाही. मग परीक्षा सुरू होते. ऊतकाचा चौकोनी तुकडा कापून चारही कडांना बारीक आकडे अडकवितात आणि तो एकाच वेळी दोन दिशांनी ताणतात. आरंभी तुकडा सहज लांबतो, कारण विश्रामावस्थेत तंतू नागमोडी असतात. ते सरळ झाले की तोच तुकडा एकाएकी ताठ होतो आणि तिळभर अधिक लांबण्यासाठी पुष्कळ बळ मागतो. एका दिशेने तो जितका ताठ असतो तितका दुसऱ्या दिशेने असेलच असे नाही. एकाच पिशवीच्या दोन भागांत भेद असतो, दोन जनावरांत तर असतोच. पोलादाप्रमाणे एकदा मोजून तेच माप सर्वांना लावावे, ही सोय येथे नाही. जिला आपण केवळ वस्तू म्हणू पाहतो, तिच्यात त्या एका जनावराचे वेगळेपण मरणोत्तरही उरलेले असते. झडपेच्या तीन पाकळ्या सारख्याच लवाव्यात म्हणून जुळणारे भाग निवडतात. न जुळणारे टाकून देतात.

तयार झडप नंतर यंत्रात बसवून द्रवात तिची अखंड उघडझाप करवितात. हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे १ लाख पडतात, वर्षाला सुमारे ४ कोटी. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ऊतकाच्या झडपेने २० कोटी आवर्तने सोसली पाहिजेत, म्हणजे पाच वर्षांचे काम. यंत्र ते जलद गतीने काही महिन्यांत उरकते. परंतु जिवंत रक्तातील कॅल्शियम पाकळ्यांवर साचून त्या ताठरतात, आणि हे त्या यंत्रात दिसत नाही. त्यासाठी कोवळ्या वयाच्या मेंढ्यांना झडप बसवून पाहतात. त्यांच्यात हा विकार लवकर प्रकट होतो.

मृदू ऊतकांच्या ताणाचा नियम य. च. फुंग यांनी १९६७ साली मांडला, तोही सशाच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यावर प्रयोग करून. ससिकरक्षणाची लीळा ज्यांच्या नित्य स्मरणात आहे त्यांना येथे क्षणभर थांबावे लागेल. मात्र त्या लीळेत पारध्यांनाही दूर लोटलेले नाही, त्यांच्याशी संवाद केला आहे, हेही स्मरावे.

आता दुसऱ्या उत्तराचे मोल ठरविता येईल. पिशवीला मागणी नसती तरी कत्तलखान्यात एकही जनावर कमी मारले गेले नसते, हे बहुतांशी खरे आहे व ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि जी वस्तू शोधून घेतली जाते, जिच्या मूळ स्थानाची नोंद ठेवली जाते आणि जिचे मोल दिले जाते, ती टाकाऊ उरत नाही. करणे आणि करविणे येथे नसले तरी अनुमोदनाचा अंश उरतोच. मेंढीची गोष्ट त्याहून निराळी. तिला कोणी मांसासाठी आणलेले नसते. ती परीक्षेसाठीच आणली जाते आणि परीक्षेसाठीच मरते. छातीत बसविलेल्या झडपेपेक्षा तिच्या आधीच्या परीक्षेचा भार अधिक आहे, तो असा.

धातूची झडप घेऊन या भारातून सुटता येईल, असे कोणी समजू नये. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेची झडप १९९० साली प्रथम रुग्णास बसविली गेली. तीत प्राणिज ऊतक नाही, पण रुग्णापूर्वी ती मेंढ्यांना बसवून पाहिली होती. शिवाय उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेत रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन बहुधा डुकराच्या आतड्यातून काढलेले असते.

म्हणून सर्व सारखेच, असेही नव्हे. यंत्रात ताणून तुटणारा तुकडा मृत असतो. त्याला वेदना नाही. जी रचना यंत्रात ३ कोटी आवर्तनांत फाटली ती मेंढीच्या छातीपर्यंत जातच नाही. ऊतकाची यांत्रिक परीक्षा जितकी कसोशीची तितके जिवंत प्राणी वाचतात. या विद्येला सरसकट हिंसा ठरविणारे हा भेद पाहत नाहीत.

संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेली तरुण विवाहिता घेतली तर पेच अधिक कठीण होतो. धातूची झडप बसविली तर आजन्म वारफारिन घ्यावे लागते आणि त्याने गर्भाला अपाय संभवतो. ऊतकाची झडप कोवळ्या वयात लवकर ताठरते, आणि पुन्हा छाती उघडावी लागते. भिक्षुकाने स्वतःसाठी अशी झडप नाकारली तर तो त्याचा त्याग होय. सुनेने ती नाकारावी असा आग्रह घरातील वडीलधाऱ्यांनी धरणे हा त्याग नव्हे. दुसऱ्याचा देह सोडण्याचा अधिकार व्रताने कोणालाही मिळत नाही. झडप कोणत्या प्राण्याची, ती किती वर्षे टिकण्याचा संभव आहे, दुसरा पर्याय कोणता, हे सारे तिला संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजले पाहिजे. आणि हे शल्यविशारदाला विचारण्याचे काम घरच्यांनी संकोच न धरता करावे.