शत्रू रंगवताना

माणसाला एखादा तरी छंद असावा असं म्हणतात. शाळेत 'माझा आवडता छंद' या विषयावर मी ओळीने पाच वर्षं निबंध लिहिला आणि पाचही वर्षं माझा छंद पोस्टाची तिकिटं जमवणं हाच होता. प्रत्यक्षात माझ्याजवळ तिकिटं होती तीन, आणि त्यातली दोन एकसारखी. पुढे नोकरी लागली, लग्न झालं आणि छंद हा शब्द फक्त कोडी सोडवताना भेटू लागला. तेव्हा निवृत्तीनंतर लेकीकडे नॉटिंगहॅमला गेलो असता माझ्या हाती ब्रश येईल आणि मी तीन महिने इंग्रजांच्या फौजेचे डोळे रंगवीत बसेन, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

झालं असं. पोचल्याच्या पहिल्या रात्री तीन वाजता मला टक्क जाग आली. इकडची झोप अजून तिकडे पोचायची होती. पाणी प्यायला म्हणून खाली उतरलो, तर कोपऱ्यातल्या लहान खोलीत दिवा. डोकावून बघतो तो आमचे जावईबापू डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, बाटलीच्या बुचावर चिकटवलेल्या एका बोटाच्या पेराएवढ्या शिपायाला मिश्या काढताहेत! बेचाळीस वर्षांचा माणूस. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यात साहेब. हाताखाली तीस माणसं. मी पाणी न पिताच वर आलो आणि हिला उठवून ही गंभीर बातमी सांगितली. ही कूस बदलून म्हणाली, "दारू पीत नाहीत ना? मग काढू देत की मिश्या."

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी आपण होऊन कपाट उघडलं. आत खणांतून सैन्यच्या सैन्य उभं होतं. मला वाटलं होतं की हा त्यांचा एकट्याचा आजार असावा. पण इंग्लंडात त्याची साथ फार जुनी आहे. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले. पोकळ म्हणून हलके आणि हलके म्हणून स्वस्त. मग घराघरांतून पलटणी उभ्या राहिल्या. नॉटिंगहॅम तर या व्यवहाराची काशीच. १९८३ पासून चाललेला 'वॉरहॅमर' नावाचा राक्षसांच्या लढाईचा खेळ ज्या कंपनीचा, तिचं मुख्य ठाणं याच गावात आहे. आमच्या जावईबापूंना मात्र राक्षस चालत नाहीत. त्यांना इतिहास लागतो, आणि तोही अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचा.

या उंचीवरून आमचं पहिलं संभाषण रंगलं. माणूस अठ्ठावीस मिलिमीटरचा असेल तर घोडा केवढा, झाड केवढं, झोपडीचं दार केवढं, याचा हिशेब ठरलेला. मी म्हटलं, "आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावर असलं काही नव्हतं बुवा."

खरोखरच नव्हतं. आमच्या बोळात मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून किल्ला करायचो. दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, त्यावर मातीचा चिखल थापायचा आणि अळीव पेरायचे, की चार दिवसांत जंगल तयार. मग गाडीवरून आणलेली मातीची चित्रं मांडायची. वर सिंहासनावर महाराज. खाली मावळे, एकेक मावळा असा धिप्पाड, की किल्ल्याच्या दरवाज्यातून त्याचा गुडघादेखील आत गेला नसता. त्याच्या शेजारी त्याच्याच उंचीची भाजीवाली आणि तिच्या पाटीला हुंगणारा वाघ. हा वाघ कुठे ठेवायचा यावरून दर वर्षी आमचं भांडण व्हायचं. मी थोरला म्हणून गुहेत म्हणायचो, तो धाकटा म्हणून तळ्यावर म्हणायचा, आणि शेवटी वाघ आईकडे जप्त व्हायचा.

हे सांगता सांगता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या किल्ल्यावर तोफा होत्या, पहारे होते, बुरूज होते. नव्हता तो शत्रू. गाडीवर शत्रू मिळतच नसे. मिळायचा तो एक अफजलखान, आणि तोही वधाच्या देखाव्यातच, म्हणजे आणतानाच मेलेला. त्याचं सैन्य काही कुंभाराने केलं नव्हतं. केलं असतं तरी आम्ही चार आणे खर्चून ते घेतलं नसतं. त्यामुळे आमचे मावळे वर्षानुवर्षं तलवारी उपसून भाजीवालीचं रक्षण करीत उभे असायचे.

जावईबापू म्हणाले, "इथे तसं चालत नाही बाबा. समोर कुणी नसेल तर खेळ कसा होणार? दोन्ही फौजा रंगवाव्या लागतात." मग जरा घुटमळून म्हणाले, "खरं म्हणजे मला मदत हवी होती. असईची लढाई मांडतोय."

असई म्हटल्यावर मी ताठ बसलो. आपल्या जालना जिल्ह्यातलं, भोकरदनच्या बाजूचं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेचा पराभव झाला आणि जिंकणारा वेलस्ली पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला गाजला. ही आपली जखम. जावईबापूंनी शिंद्यांचे गोलंदाज स्वतःकडे ठेवले होते, आणि सासऱ्याला काय द्यावं? वेलस्लीची फौज!

"म्हणजे मी इंग्रज रंगवू?" मी विचारलं.

"तुमचा हात स्थिर आहे बाबा," ते म्हणाले. जावयाने केलेली स्तुती नाकारायची पद्धत आपल्यात नाही.

काम वाटतं तसं पोरखेळ नाही. आधी शिपायाच्या अंगावरची साच्याची रेघ सुरीने खरवडायची. मग साबणाच्या पाण्याने त्याला आंघोळ. मग अस्तर. त्यावर कोट, पट्टे, बंदूक. मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग सोडायचा. तो कपड्यांच्या चुण्यांत जाऊन बसतो आणि आपोआप सावल्या पडतात. मग जवळजवळ कोरड्या ब्रशाने उंचवट्यांवर फिकट रंगाचा हात. सगळ्यात शेवटी डोळे. आधी पांढरी रेघ, तिच्यावर काळा ठिपका, आणि चुकलं की वरून कातडीचा रंग. बरेच लोक या उंचीला डोळे काढतच नाहीत म्हणे. पण मला कुणी ते सांगितलं नाही. माझा पहिला शिपाई तिरळा झाला. दुसरा एवढा दचकलेला, की त्याने वेलस्लीऐवजी भूत पाहिलं असावं. दहाव्याला मात्र नजर आली. रोखून बघायला लागला माझ्याकडे. मी ब्रश खाली ठेवला.

तोवर आणखी एक घोटाळा झाला होता. इंग्रजांसाठी म्हणून मी गुलाबी रंग भरपूर कालवून ठेवला होता. जावईबापूंनी नमुन्याचं चित्र पुढे केलं, तर त्यातले बहुतेक चेहरे सावळे. वेलस्लीच्या हाताखाली गोऱ्यांपेक्षा मद्रासकडचे शिपाई जास्त. लाल कोट, खाली आखूड पांढरी चड्डी. शिवाय मदतीला म्हैसूरचे स्वार आणि पेशव्यांचे स्वार. मी पुन्हा विचारलं, "कोणाचे?" पेशव्यांचे. उलट शिंद्यांच्या पलटणींना कवायत शिकवणारा पोलमन होता हॅनोव्हरकडचा. आदल्याच वर्षी, १८०२ च्या ऑक्टोबरात, पुण्याजवळ होळकरांनी शिंदे आणि पेशवे या दोघांनाही झोडपलं, पेशवे धावत इंग्रजांकडे गेले आणि वसईचा तह करून बसले. असईच्या दिवशी होळकर आलेच नाहीत. या सगळ्याला इतिहासाच्या पुस्तकात मोठमोठे शब्द आहेत. आपल्याकडे एकच आहे: भाऊबंदकी. मी गुलाबी रंगाची वाटी धुऊन टाकली. शत्रू म्हणून नक्की कुणाला रंगवायचं, हेच मला कळेनासं झालं.

आता तुम्ही विचाराल, आणि मीही स्वतःला विचारलंच, की लढाईचा खेळ खेळावा का? खरी माणसं मेली त्या दिवसाचा करमणुकीसाठी देखावा मांडणं बरं का? एच. जी. वेल्ससारख्या शांततेची चाड असलेल्या लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं पुस्तक लिहिलं, आणि ते बारा ते दीडशे वर्षं वयाच्या मुलांसाठी आहे असं वरच जाहीर केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ज्यांना लढाईची खुमखुमी आहे त्यांनी ती जमिनीवर लोळण घेऊन भागवावी; त्यात कुणाची आई रडत नाही. युक्तिवाद गोड आहे. पण पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. शिवाय त्याच्या कितीतरी आधी प्रशियाच्या सैन्याने असलाच खेळ अधिकाऱ्यांना लढाई शिकवण्यासाठी वापरला होता. म्हणजे एकाच खेळाने युद्धाची हौस फिटते असंही म्हणता येतं आणि वाढते असंही.

मला आपलं वाटायला लागलं होतं, की ज्याचे डोळे आपण रंगवले त्याचा द्वेष करता येत नाही. रोज सकाळी चहा घेताना मी हे तत्त्वज्ञान लेकीला ऐकवीत असे. ते लढाईच्या दिवसापर्यंत टिकलं.

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर असई अवतरली. थर्माकोलच्या टेकड्या, तारेची झाडं, व्हार्निश ओतून केलेली कैलना नदी. वेलस्ली म्हणून एक निवृत्त शिक्षक आले होते. मी आणि जावईबापू शिंद्यांच्या बाजूने. फासे टाकायचे, टेपने इंच मोजायचे, आणि ठरावीक आकडा पडला की समोरचे शिपाई उचलून बाजूला ठेवायचे. प्रत्यक्ष असईत शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी मागून तोफा डागल्या. आमच्याही गोलंदाजांनी शर्थ केली. सहा, सहा, पाच! मी खुर्चीवरून उठून ओरडलो. मी रंगवलेले, मीच अस्तर लावलेले मद्रासचे बारा शिपाई एका फटक्यात गेले आणि मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! त्यात तो रोखून बघणारा दहावाही होता. डोळे रंगवल्याने माणूस साधू होत नाही, एवढं त्या दिवशी मला कळलं. आम्ही जिंकलो. १८०३ चा निकाल फिरवल्याबद्दल मास्तरांनी आमच्याशी हस्तांदोलन केलं आणि लेकीने सगळ्यांना साबुदाण्याची खिचडी दिली.

आवराआवर करताना मी पाहिलं, जिंकलेले नि हरलेले सगळे एकाच डब्यात जात होते; स्पंजच्या खाचांत शेजारी शेजारी आडवे. पुढच्या महिन्यात सगळे परत उठणार. खऱ्या असईत वेलस्लीचीच दीड हजारांहून अधिक माणसं पडली. शिंद्यांकडची त्याहून जास्त. त्यांच्यासाठी असा डबा नव्हता. खेळात आणि लढाईत काय तो एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

खिचडी खाताना मास्तरांनी एक गोष्ट सांगितली. वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाड्ये म्हणाले, इथे उतार नाही. त्याने दुर्बिणीतून पाहिलं, तर नदीच्या दोन काठांना दोन गावं अगदी समोरासमोर. त्याने ताडलं, की गावं अशी समोरासमोर वसली आहेत तर ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. आणि होता.

मास्तर पुढे बरंच बोलले, पण माझं लक्ष उडालं. आमच्या बोळात माझं दार आणि धाकट्या भावाचं दार असंच समोरासमोर आहे. वडिलांमागे वाटणी झाली, दीड खोलीवरून आणि एका विहिरीवरून शब्दाला शब्द वाढला, आणि अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही. या अकरा वर्षांत मी त्याला मनात शेकडो वेळा रंगवला. मिश्या काढल्या, कपाळाला आठ्या घातल्या. डोळे तेवढे राहिले होते. गंमत म्हणजे आमच्या दोघींचं, म्हणजे ही आणि भावजय यांचं, हळदीकुंकू, विरजण, पापडाचं पीठ, सगळं सुरळीत चालू होतं. उतार होता. बायका तो रोज ओलांडत होत्या. वाटाड्ये आम्हीच चुकीचे धरले होते.

दिवाळीच्या तोंडावर परत आलो. निघताना जावईबापूंनी माझा पहिला शिपाई मला भेट म्हणून दिला होता. बोळात भावाच्या नातवाचा किल्ला चालला होता आणि भाऊ स्टुलावर बसून हुकूम सोडत होता. मी खिशात हात घालून तीन वेळा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. चौथ्या वेळी ही म्हणाली, "एक तर जा, नाहीतर चपला तरी काढा."

गेलो. शिपाई पुढे केला. भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. शिपाई घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि अगदी डोळ्यांशी धरून बघितला.

"हा कोण?"

"शत्रू आहे," मी म्हटलं. "इंग्रजांकडचा."

"किल्ल्यावर शत्रू नसतो, दादा," तो म्हणाला आणि त्याने शिपाई भाजीवालीशेजारी उभा केला. तो तिच्या गुडघ्याएवढाही भरेना. मग जरा वेळाने म्हणाला, "तिरळा आहे."

"पहिलाच होता," मी म्हटलं.

"वाघ कुठाय?"

वाटणीच्या कागदावर विहीर होती, दीड खोली होती, तांब्याचा बंब होता. वाघ नव्हता. तो माझ्या माळ्यावर एका ट्रंकेत होता. मी आणायला गेलो.