औषधाचे पीक आणि शेजाऱ्याचे शेत

जंतुयुद्धावरील लस शेतात पिकवावी काय, हा प्रश्न आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही. 2001 साली अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू धाडले गेले व पाच माणसे दगावली. पुढे 2005 साली तेथील संशोधकांनी तंबाखूच्या रोपात त्या जंतूचे एक प्रथिन उत्पन्न केले. ते टोचलेले उंदीर अँथ्रॅक्सच्या विषास पुरून उरले. अशा विद्येस सरसकट निषिद्ध ठरविणे आम्हांस दयाधर्मास सोडून वाटते.

परंतु प्रश्न विद्येचा नसून शेताचा आहे. 2002 साली नेब्रास्कात, औषधी प्रथिनासाठी मका घेतलेल्या जमिनीत पुढे सोयाबीन पेरले गेले. मागे राहिलेल्या दाण्यांतून मका आपसूक उगवला, सोयाबिनात मिसळला आणि सुमारे 5 लाख बुशेल धान्य नष्ट करावे लागले. धार जिल्ह्यातील गंधवानीकडे भिल्ल कुटुंबांच्या घरी मका हे पोटाचे अन्न होय. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो; बांध त्यास अडवीत नाही.

यावर कोणी आपद्धर्म पुढे करील. परंतु आपद्धर्म आपल्या स्वतःच्या नियमांस मुरड घालण्याची मुभा देतो, शेजाऱ्याच्या ताटात न विचारता काही घालण्याची नव्हे. शिवाय लशीचा साठा शांततेच्या काळी केला जातो. तेव्हा विचारावयास सवड असते. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. जोखीम पत्करण्याचा खरा क्रम तो.

कायदाही याच दिशेने गेला आहे. 1986 साली मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, धोक्याचा उद्योग करणाऱ्यास 'आम्ही काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. झालेले नुकसान त्यानेच भरून द्यावे. मात्र भरपाई ही हानी झाल्यानंतरची गोष्ट. धर्म तिच्या आधी सुरू होतो.

म्हणून आमचे मत असे : औषधासाठी अन्नाचे पीक वापरू नये, तंबाखूसारखे रोप घ्यावे व तेही बंदिस्त काचगृहात. नैवेद्यातील प्रत्येक जिन्नस आपण ओळखून ठेवतो. गंधवानीच्या भाकरीस तेवढाच मान असावा.