आणखी एक पीळ

महत्त्वाची गोष्ट जितकी घट्ट तितकी बरी, हा समज गॅरेजात जितका पक्का तितकाच देवघरातही. ऑइल बदलले की ड्रेन प्लगला जाता जाता आणखी एक पीळ द्यायचा. उपास धरला की पाणीसुद्धा सोडायचे. पण बोल्ट पकडतो कसा, हे पाहिले की या समजाचा पाया डळमळतो. कसताना बोल्ट किंचित लांबतो आणि मूळ लांबीवर येण्याची त्याची ओढ दोन भाग आवळून धरते. ताण मर्यादेपलीकडे गेला की पोलाद पुरते मागे येत नाही, पकड भरवशाची राहत नाही. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर आधी त्याचेच आटे जातात. शिवाय पान्यावरच्या जोरातला सुमारे 90 टक्के वाटा घर्षण खाते. गंजलेल्या आट्यांवर घाम गाळूनही पकड थोडीच मिळते, तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात कितीतरी जास्त. म्हणजे हाताला झालेले कष्ट हे पकडीचे माप नव्हे. साधकानेही हे ध्यानात घ्यावे, कारण देह किती झिजवला यावरून साधना मोजण्याची खोड जुनी आहे. चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला बुद्धांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला तो याच खोडीवर.

यावर कोणी म्हणेल, आटे गेले तर पैसे जातात, चाक निखळले तर जीव. मग जास्तच कसलेले काय वाईट? लहान गाडीच्या चाकाच्या नटाला साधारण 100 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे पाव मीटरच्या पान्याच्या टोकाला 40 किलोचा भार. 70 किलोचा माणूस त्या पान्यावर उभा राहिला की आकडा 170 च्या घरात जातो. असा ताणलेला स्टड पुढे तुटू शकतो. आणि वर्धा जिल्ह्यात हिंगणीहून बोर धरणाकडे जाताना जंगलाच्या रस्त्यावर चाक पंक्चर झाले, तर स्टेपनी असूनही नट हलत नाही. कसणाऱ्याला निश्चिंती मिळाली, किंमत दुसऱ्याने मोजली. अतिरेकाचा हा हिशेब मला धार्मिक घरांतही दिसतो: व्रत एकाचे, जाच साऱ्या घराला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजींची एकादश व्रते आहेत. तिथे सैलपणाला जागा नाही. मग मध्यममार्ग ही पळवाट नव्हे का? नव्हे. व्रताचा कडकपणा आधी ठरलेली मर्यादा पाळण्यात असतो, ती उत्साहाच्या भरात ओलांडण्यात नसतो. पुस्तिकेत दिलेला आकडा टॉर्क रेंचने गाठून थांबणारा मेकॅनिक ढिला ठरत नाही. उलट मनाला भीती वाटत असतानाही पाना खाली ठेवणे हेच त्याला जड जाते. गीतेचा सहावा अध्याय अति खाणाऱ्याबरोबर अजिबात न खाणाऱ्यालाही योगाबाहेर ठेवतो, आणि पवनारला राहून विनोबांनी ज्या साम्ययोगाचा पुरस्कार केला त्यालाही अर्धवटपणा म्हणता येत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच की साधकाला आकडा सांगणारी पुस्तिका नसते. म्हणूनच परंपरेने त्याला गुरू आणि सत्संग दिला असावा: स्वतःच्या हाताच्या अंदाजाबाहेरचे माप.