रमाई म्हणून मोकळे झालो

माझ्या मोठ्या भावाला तोंडाचा कॅन्सर झाला. वीस वर्षं खर्रा खाल्ला होता. सेवाग्रामला निदान झालं, ऑपरेशन झालं, मग शेक सुरू झाले. आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. सरकारी योजनेतून उपचार निभावला.

वस्ती आमची जीव लावणारी. भेटेल तो भावाची तब्येत विचारायचा. वहिनीची कोणी विचारली नाही. पहाटे उठून पेज करायची, नाकातल्या नळीतून भरवायची, एसटीनं न्यायचं-आणायचं, रात्री लाळ पुसत जागायचं. कापूस वेचणीची रोजी बुडाली. तिला आधीपासूनच शुगर. गोळ्या संपल्या त्या आणायच्या राहिल्या. पायात तुरीचं धसकट घुसलं, ती जखम महिना झाला तरी भरेना. मी विचारलं तर म्हणाली, "मले काय होते जी भाऊजी? मी खाटेवर पडली त चूल कोन पेटवन?"

७ फेब्रुवारीला विहारात रमाई जयंती होती. मी भाषण ठोकलं, "आमची वहिनी म्हणजे आजची रमाई!" टाळ्या पडल्या. ती तिथं नव्हती. घरी नळी धूत होती.

त्या रात्री झोप आली नाही. रमाई २७ मे १९३५ ला गेल्या, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' त्यांना अर्पण केलं आणि त्यांनी सोबतीनं सोसलं याची नोंद तिथंच केली. सोसणाऱ्या बाईबद्दलची ती कृतज्ञता होती. आपण मात्र त्या सोसण्याचा नमुना केला आणि घरोघरच्या बाईच्या गळ्यात बांधला. 'रमाई' म्हटलं की आपण मोकळे!

अमेरिकेत १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या माणसाची सेवा करणाऱ्या १३ बाया आणि तशी सेवा न करणाऱ्या १३ बाया घेतल्या. सगळ्यांच्या हाताला सारखीच बारीक जखम केली. सेवेकरी बायांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आजार वेगळा, पण जागरण आणि घोर तोच. घोरानं शुगर चढते, रक्तदाब चढतो. म्हणजे कॅन्सरचा कागद एकाच्या नावानं निघतो, झिजतं सगळं घर.

कोणी म्हणेल, ती प्रेमानं करते, तुझं काय जातं? प्रेमाबद्दल माझी शंका नाही. पण तिला 'आज मला जमत नाही' म्हणायची सोय होती का? नाही म्हणायची मुभाच नसेल, तर त्याला त्याग कसं म्हणायचं? आपल्या बापजाद्यांच्या राबण्यालाही याच देशात 'सेवाधर्म' म्हटलं गेलं. गावानं काम लादलं आणि वर त्याला धर्माचं नाव दिलं. ती लबाडी आपण ओळखली, मोडली. मग घरातल्या चुलीपाशी तीच लबाडी आपण का चालवतो?

विनयपिटकात प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडला होता. कोणी जवळ जात नव्हतं. बुद्धानं पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग नियम घातला, की आजाऱ्याला कोणी नसेल तर संघानं त्याची सेवा करायची, न केल्यास दोष. बुद्धानं 'किती त्यागी!' म्हणून एकाच्या पाठीवर थाप मारली नाही. काम सगळ्यांचं केलं.

आपल्या विहारात जयंतीच्या वर्गणीची यादी होते. आजाऱ्याजवळ जागायच्या पाळीची यादी का होऊ नये? आणि जो आजाऱ्याला भेटायला जाईल, त्यानं त्याच्या बाईला, आईला, पोरीला विचारावं, की तू जेवली का, तुझी गोळी घेतली का?

वहिनीला मी दवाखान्यात नेलं. जखम आता सुकते आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री भावाजवळ मी असतो. त्यात कौतुकाचं काही नाही. उशीर झाला, एवढंच.